व्याह्यांसाठी जिताडा

"हिला कमरेत बाक आहे," म्हणत बाळाजी मास्तरांनी काठी पुन्हा कुडाला टेकवली.

"मास्तर, बायको बघताय का काठी?" बाबाजीने विचारलं.

बाबाजी अंगणात उकिडवा बसून निखाऱ्यावर बांबू शेकत होता. भरीव बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, दोन पावसाळे चुलीवरच्या माळ्यात धुराला ठेवायचा, मग तेल लावून शेकत सरळ करायचा, तेव्हा कुठे त्याची गळाची काठी व्हायची. आसपासच्या दहा गावांत त्याच्या काठीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मास्तरांनी आजवर चौदा काठ्यांना ठेवलं होतं. एक जड, एक पोकळ वाजते, एकीचा शेंडा आळशी. एकीत तर काहीच खोट सापडेना, म्हणून तिचा संशय आला.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. आगरदांड्याच्या धक्क्यावर खाडीपलीकडच्या दिघीला जाणाऱ्या मचव्याची तिकिटं फाडता फाडता त्यांचे मास्तर झाले होते. माणूस सरळ, सव्वीस वर्षांत कुणाचं फुकट खाल्लं नाही, कुणाला फुकट सोडलं नाही. फक्त ठरवणं म्हटलं की अंगावर काटा यायचा. अकरा मुली पाहून बारावीला, ठमाबाईंना, होकार गेला, तोही मामाने परस्पर कळवला म्हणून. मुलीचं नाव बारशापर्यंत ठरेना, तेव्हा आत्याने वैतागून पाळण्यात 'राही' म्हणून टाकलं.

आयुष्यात मास्तर एकदाच चटकन बोलले आणि तेवढंच अंगाशी आलं. दोन वर्षांपूर्वी राहीच्या लग्नात, भर पंगतीत, ते व्याह्यांना म्हणाले, "पहिल्यांदा घरी याल तेव्हा जिताडा वाढीन. बाजारचा नाही, माझ्या गळाचा!"

शंभर माणसं जेवता जेवता थांबली. दिघीचे व्याही, चांगदेव, थट्टेखोर माणूस. त्यांनी ते वाक्य गाठीला बांधलं. तेव्हापासून ते खाडी ओलांडून आले नाहीत, मचव्याच्या तांडेलाबरोबर निरोप मात्र यायचा, "लागला का जिताडा?" घरात पाहुणा आला की सुनेला हाक, "राही, तुझ्या बापाचा जिताडा अजून पवतो हाय न्हवं?" सगळे हसत. आधी राहीही हसायची. गेल्या दिवाळीला हे सांगताना ती हसली खरी, पण मान खाली घालून पदराचा काठ चुरगाळत राहिली. मास्तरांनी पाहिलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आणि आता निरोप होता की राहीला बाळंतपणासाठी शुक्रवारी आणतोय, सोबत मी स्वतः येतोय, ताट मोठं काढा. आज मंगळवार होता.

"ही घ्या," बाबाजी दुसरी काठी पुढे करत म्हणाला. "जिताड्याचं त्वांड पापडासारखं. ताठ काठीनं वढलात तर वठ फाटून गळाला आनि जिताडा पान्यात. काठीला वाकाया आलं पायजे."

मास्तरांनी शेंडा वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. "हिच्या पेरात जरा..."

मागे उभ्या ठमाबाईंनी काठी हातातून ओढूनच घेतली. "हीच! माझ्या नाकात खोड काढली होतीत ना? चाललं ना बावीस वर्षं?"

"चाललं की माझं," मास्तर पुटपुटले.

"तुमचं नव्हे, नाकाचं विचारते!"

बाबाजी खोकला येईपर्यंत हसला.

बुधवारी मास्तरांच्या गळाला जिताड्याऐवजी काटेरी शिंगाळा लागला. गुरुवारी गळाची कोळंबी खेकड्याने खाल्ली. मास्तर धक्क्याच्या या टोकाला बसायचे, तिथून उठून त्या टोकाला, मग वाटायचं पहिलीच जागा बरी. त्यात धक्क्यावर मचव्याचा दोर पकडणारा रघू तापाने पडलेला, ते कामही त्यांच्याच गळ्यात.

शुक्रवारी दुपारी ओहोटी लागली आणि लांब मचव्याचं शीड दिसलं. गळ काढावा की ठेवावा या विचारात असतानाच काठी अशी वाकली की शेंडा पाण्याला टेकला.

मास्तरांनी दोन्ही पाय रोवले. काठी वाकत होती, सैल सोडत होती, पुन्हा ओढून आणत होती. कुठे म्हणून खोट नव्हती. अचानक पाणी फुटलं आणि पाटाएवढा जिताडा रुपेरी अंग झटकत हवेत उसळला.

मचव्यावरून आरोळी आली. "सोडू नका, व्याही! सोडू नका!" चांगदेव धोतर सावरत उभे राहून दोन्ही हात हलवत होते. बापाचा जिताडा बघायला शेजारी राहीही उठली, एक हात पोटावर, एक डोलकाठीला. ती मोठ्याने हसत होती. सासऱ्यांकडे बघून हसत होती.

तेवढ्यात वारा पडला. शीड लुळं झालं, ओहोटीच्या ओढीने मचवा आडवा होऊन धक्क्याच्या दगडांकडे सरकू लागला.

"मास्तर, दोर!" खलाशी ओरडला. दोर येऊन धक्क्यावर पडला आणि सरसर पाण्याकडे परत निघाला.

मास्तरांनी हात उघडले.

काठी धक्क्यावर एकदा आपटली आणि गेली. मास्तरांनी झेप घेऊन दोराचं टोक धरलं, खुंट्याला दोन वेढे मारले, तळव्यांची साल निघाली तरी सोडलं नाही. मचवा दगडांपासून हातभर अंतरावर गचका खाऊन थांबला. तोल गेलेल्या राहीला एका बाईने कमरेला मिठी मारून सावरलं.

"बाबा, तुमची काठी..."

"पायरी शेवाळलीय," मास्तर म्हणाले. "माझ्या खांद्यावर हात ठेव. सावकाश."

लेकीला त्यांनी तिकीटघराच्या सावलीत बाकावर बसवलं. मग खाडीकडे पाठ करून दारात उभे राहिले आणि एकेकाचं तिकीट घेऊ लागले. तिकिटांना तळव्यांचं रक्त लागत होतं.

चांगदेव सर्वांत शेवटी उतरले. पण ते तिकीटघराकडे आले नाहीत. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. लांब पाण्यात काठीची मूठ तेवढी वर होती, जरा बुडायची, पुन्हा वर यायची, समुद्राकडे चालली होती. चांगदेवांनी टोपी काढून हातात घेतली.

शेवटचा उतारू गेला. मास्तरांनी तिकिटं नीट चवडीला लावली.

"दिसते का अजून?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

चांगदेवांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. मूठ मघाशीच बुडाली होती. खाडीभर नुसतं ऊन चकाकत होतं.

"दिसते तर," ते म्हणाले. "चांगली चाललीय."