धक्क्यावरची सावली

“इतिहास कधीच पुसला जात नाही!” नव्या संचालकबाई म्हणाल्या, आणि वाक्याला वजन यावं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. पर्यटन खात्याचं कार्यालय जुन्या जकातघरात होतं आणि जकातघराला आता एवढं वजन सोसत नसे. छताचा एक पोपडा सुटला आणि थेट बाईंच्या चहात पडला. बाईंनी कपात पाहिलं. समोर बसलेल्या खोडरबरांनीही अदबीने कपात पाहिलं.

“तर मी काय सांगत होते,” कप बाजूला सारत बाई म्हणाल्या, “ही सावली तेवढी पुसून टाका.”

टेबलावर खात्याची पुस्तिका पडली होती : ‘शहर आणि परिसर, फोटो काढावा अशी स्थळं’. मुखपृष्ठावर जुना धक्का होता. ज्या साहेबलोकांनी हे शहर बांधलं, ते याच धक्क्यावर उतरले आणि दीडेकशे वर्षांनी याच धक्क्यावरून सामानसुमान घेऊन गेले. समुद्रात उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या, मागे दीपस्तंभ, कलतं ऊन. पायऱ्यांवर एका बाईची सावली पडली होती. बाई मात्र कुठेच नव्हती.

“मंत्र्यांच्या मेहुणींनी पाहिलं आणि दचकल्या हो त्या,” बाई म्हणाल्या. “रोज चार फोन येतात, तिथे भूत आहे का म्हणून.”

“मग आपण काय सांगतो, मॅडम?”

“अधिकृत माहिती उपलब्ध नाही, असं. पण किती दिवस सांगणार? काका, एक तर सावली काढा, नाहीतर बाई आणा. बाईशिवाय सावली छापता यायची नाही. उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय.”

“बघतो,” खोडरबर म्हणाले आणि पुस्तिका छातीशी धरून उठले.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे ते खोडरबर. खात्याच्या फोटोंमधून नको ती माणसं काढून टाकणं हे त्यांचं काम. शेजारचा दगड उचलायचा आणि माणसावर ठेवायचा, शेजारचं आकाश उचलायचं आणि विजेच्या तारेवर पांघरायचं. ऐकायला सोपं आहे. पण खोडरबरांनी पुसलेल्या जागी बोट ठेवून ‘इथे कुणी होतं’ असं सांगणारा अजून जन्मला नव्हता. गव्हर्नरच्या बंगल्याच्या सज्जातली वाळत घातलेली चादर त्यांनी काढली, मनोऱ्याच्या घड्याळाखालचा छत्र्या दुरुस्त करणारा काढला, चर्चच्या पायरीवर कबुतरांना दाणे टाकणारी म्हातारी काढली. कबुतरं ठेवली. कबुतरं फोटोत चांगली दिसतात.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढे. पाहुणे पुस्तिका हातात घेऊन गावभर फिरू लागले आणि तक्रारी करू लागले. ‘चित्रात हा छत्रीवाला नाही, इथे कसा?’ नगरपालिकेला तक्रारीत दम वाटला. चित्र सरकारी होतं आणि छत्रीवाला खासगी. त्याला उठवलं. सज्जात कपडे वाळत घालायला मनाई झाली. म्हातारीला कुणी उठवलं नाही. ती आपली आपणच वारली. पण खोडरबरांनी तिला पुसलं, त्यानंतरच्याच महिन्यात वारली.

तेव्हापासून त्यांचं गावातलं चालणं बदललं. घड्याळाखालून जाताना ते फरसबंदीच्या एका रिकाम्या तुकड्याला वळसा घालून जात. लोकांना वाटे, गुडघा दुखत असेल. पण तिथे छत्रीवाला बसलेला असायचा, आणि बसलेल्या माणसाच्या अंगावरून कसं जायचं? चर्चपाशी आले की हात आपोआप जोडले जात. पाद्र्याला वाटे, माणूस भाविक दिसतो.

आणि मग धक्का.

त्या दिवशी ते चष्मा घरी विसरले होते. बायको म्हणाली, ऑफिस सुटलं की धक्क्यावर या, तिथे आणून देते. हे नेहमीसारखे उशिरा पोचले. मधल्या वेळात खात्याच्या फोटोग्राफरने कलतं ऊन साधून धक्का टिपला. पायरीवरची बाई कोण, हे त्याला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी फोटो खोडरबरांच्या पडद्यावर आला, तेव्हा त्यांना इतकं हसू लोटलं की त्यांनी लगेच घरी फोन लावला.

“अगं, तू माझ्यासमोर उभी आहेस.”

“मी स्वयंपाकघरात उभी आहे.”

“फोटोत गं. आणि आता तुला काढतोय बघ. हे डोकं गेलं. ही पिशवी गेली.”

“जागा छान दिसते का मी गेल्यावर?”

“दिसते की.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बोलण्याच्या नादात त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, जी आयुष्यात कधी घडली नव्हती. बाई पुसली, सावली राहिली. आणि दुसरी गोष्ट घडली, जी रोजच घडायची : पुसलेलं चित्र त्यांनी मूळ चित्रावरच साठवलं. ‘मूळ जपून ठेवलं की हात बेफिकीर होतो’ असं ते नव्या माणसांना नेहमी सांगत. त्यामुळे त्या दिवशीची ती, पायरीवर चिडून वाट बघणारी, आता कुठल्याच यंत्रात नव्हती.

त्याच वर्षी ती गेली. डॉक्टरांनी समजावलं होतं की दुखणं फार आधीपासून पोटात होतं. खोडरबरांना ते पटलंही होतं. पण छत्रीवाल्याचंही कारण नगरपालिकेने नीट समजावून सांगितलंच होतं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी पुस्तिकेचा गठ्ठा छापून आला आणि त्यांना ती दिसली. पायऱ्या-पायऱ्यांवरून मोडत उतरलेली लांब सावली. वर अंबाडा, एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर. कमरेवरच्या त्या हातावरून त्यांनी तिला हजारांत ओळखलं असतं. घरी भिंतीवर तिचा स्टुडिओतला फोटो होता, पण त्यात ती अशी बसली होती की जणू फोटोग्राफरने दम दिला असावा. ती खरी असलेली एवढी एकच जागा उरली होती. दर आवृत्तीला ते ती तपासून पुढे पाठवत आणि कुणापाशी चकार शब्द काढत नसत.

आता ते खुर्चीत बसले, चित्र मोठं केलं, शेजारचा दगड उचलला आणि सावलीच्या डोक्यावर ठेवला. अंबाडा गेला. त्यांनी तो घाईघाईने परत आणला. यंत्रात एवढी एक सोय होती, बाहेर नव्हती. आजवर त्यांनी जे जे पुसलं ते ते खरोखरच गेलं होतं. हीही गेली, की मग ती धक्क्यावर कधी आलीच नव्हती असं होणार.

मग संचालकबाईंचं ‘नाहीतर बाई आणा’ आठवलं, आणि त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी शाळेत गणित शिकवायची.

“आज शाळा सुटली की धक्क्यावर ये. आईची कापडी पिशवी आण. आणि केस वर बांध.”

“बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“ऊन उतरायच्या आत ये.”

धक्क्यावर गर्दी होती. भुताची सावली बघायला आलेली मंडळी ती न दिसल्यामुळे खात्याला नावं ठेवत होती आणि शेवटी आपल्याच सावलीचे फोटो काढून समाधान मानत होती. मुलगी वह्यांचं ओझं सांभाळत आली. खोडरबरांनी ऑफिसचा कॅमेरा काढला आणि तिला सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे न बघता दीपस्तंभाकडे बघत होते.

मुलगी वह्या खाली ठेवून पायऱ्या उतरली.

“इथे?”

“एक पायरी खाली. तू आईपेक्षा उंच आहेस. अजून एक.”

“बघू कुठे?”

“रस्त्याकडे. मी येतोय, आणि मला उशीर झालाय.”

“किती?”

“नेहमीएवढा.”

मुलीचा हात आपसूक कमरेवर गेला. खोडरबरांनी मुलीकडे पाहिलंच नाही. ते पायऱ्यांकडे बघत होते. सावली एकेका पायरीवर मोडत खाली आली, अंबाड्यासकट, पिशवीसकट. दगडावर ती पुन्हा येऊन उभी राहिली होती. अगदी तीच. बटणावर ठेवलेलं बोट जागचं हलेना.

“काढलात का?” म्हणत मुलीने हात खाली घेतला. सावलीने तो किंचित मागाहून घेतला. उतरत्या उन्हात असं होतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. असं होत नाही, हे त्यांच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बाबा? घाम का फुटलाय?”

“मी तिला पुसलं गं,” ते म्हणाले. “हसत हसत पुसलं. आणि ती म्हणाली, जागा छान दिसते ना, मग बरं.”

मुलगी डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिली. “आई ‘मग बरं’ म्हणाली?”

“हो.”

“आणि त्या संध्याकाळी काय झालं?”

“काय होणार?”

“बाबा, आई ‘मग बरं’ म्हणाली की संध्याकाळी कुणाची धडगत नसायची. आठवा जरा.”

खोडरबर आठवू लागले. घरी पोचल्याचं आठवलं. हात-पाय धुतल्याचं आठवलं. टेबलावर दोनच ताटं, मायलेकींची. बायको समोर बसून निवांत जेवतेय. माझं ताट कुठाय, असं त्यांनी विचारलं होतं. तिने त्यांच्या आरपार भिंतीकडे बघितलं होतं आणि मुलीला विचारलं होतं, ‘कुणी बोललं का गं?’

“जेवण झालं तरी ऐकेना,” मुलगी म्हणाली. “तुम्ही समोर येऊन हात हलवत होतात आणि ती मला सांगत होती, वारा सुटलाय, खिडकी लाव.”

“शेवटी मीच वाढून घेतलं,” खोडरबर म्हणाले, “तर म्हणते, अरेच्या, भात कमी कसा झाला!”

ते हसू लागले. इतकी वर्षं त्यांच्याकडे फक्त त्या फोनची आठवण उरली होती. ती संध्याकाळ त्यांनी कुठे हरवली होती कोण जाणे. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि पायऱ्या अंधूक झाल्या.

“उभी राहा,” ते डोळे पुसत म्हणाले. “ऊन चाललंय.”

मुलगी पुन्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. या वेळी त्यांनी सावलीकडे आणि मुलीकडे, दोघींकडे पाहिलं आणि बटण दाबलं. आज रात्री ते मुलीला उचलून त्या जुन्या चित्रात ठेवणार होते, बरोबर त्या सावलीच्या टोकाशी. आयुष्यभर त्यांनी फोटोंतून माणसं काढली होती. फोटोत माणूस घालायची ही पहिलीच वेळ. जमेल की नाही, ही धाकधूक होतीच. पण उद्या छापखान्यात बाई जाणार होती, आणि बाईमागे सावलीही.

पाय दुखायला लागले तसे ते मुलीशेजारी पायरीवर टेकले. खाली पाणी दगडावर हळूहळू आपटत होतं. मुलीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

मागून कुणीतरी खाकरलं. एक नवं जोडपं उभं होतं, नवऱ्याच्या हातात खात्याची पुस्तिका.

“काका, तुम्ही दोघं जरा पलीकडे सरकता का? फोटोत फक्त पायऱ्या हव्या होत्या.”