जमिनीचं रक्त

पिवळ्या फडक्यावर लालभडक डाग उमटला आणि सभामंडपातल्या दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. भूमीमहाराज डोळे मिटून म्हणाले, "माय रक्त ओकते आहे. ही जमीन ठेवशील, तर ती घरातला पहिला अंकुर खाईल."

जमीन पारूबाईची होती. फुलंब्रीकडं जाणाऱ्या नव्या रस्त्याला लागून दोन एकर. नवरा वारल्यावर सातबारा तिच्या नावावर झाला आणि त्याच दोन एकरांत अद्रक लावून तिनं सत्यमला शिकवलं. आता सत्यम शहरात कंपनीत जात होता आणि सून निशाला सहावा महिना लागला होता. पहिला अंकुर म्हणजे कोण, हे कुणी फोडून सांगायची गरज नव्हती. 

महाराजांना गावात येऊन पंधरवडा झाला होता. पद्धत ठरलेली. खातेदारानं शेतातली ओंजळभर माती आणायची. महाराज हळदीच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पसरणार, त्यावर माती, मातीवर मांडीमागच्या डबीतलं भस्म, वरून तीर्थ. फडकं पिवळंच राहिलं तर जमीन शांत, लाल झालं तर रुसलेली. गंमत अशी, की डोंगराकडच्या मुरमाड जमिनी सगळ्या शांत निघत आणि रुसत त्या फक्त रस्त्याकडच्या. त्या पडत्या भावात विकत घेऊन त्यांचा कोप स्वतःच्या अंगावर घ्यायला प्लॉटिंगवाले सुदर्शनशेठ मंडपातच बसलेले असत. एवढा परोपकारी माणूस तालुक्यात दुसरा नसेल! बायांना मात्र मंडपात मज्जाव होता. भूमी स्त्री आहे, तिला दुसरी स्त्री जवळ खपत नाही, असं महाराजांचं शास्त्र. पारूबाई खातेदार म्हणून तेवढी आत.

"गुरुवारी रजिस्ट्री करून टाकू, माय," घरी आल्यावर सत्यम म्हणाला. "जमीन काय, दुसरीकडं घेता येईल."

"दुसरीकडं कुठं? शेठ देतो तेवढ्यात गोठ्याची जागा येत नाय."

"मग लेकराचं काय करायचं?"

 दोन दिवस पारूबाईचा पाय एका जागी ठरेना. शेतात गेली की घराकडं ओढ, घरी आली की शेताकडं. निशा नुसती खोकली तरी ती हातातलं काम टाकून धावत येई.

बुधवारी सकाळी ती धुणं घेऊन बसली. सत्यम मित्राच्या हळदीला जाऊन आला होता, त्याच्या शर्टावर पिवळे डाग होते. तिनं साबण घासला आणि डाग लाल झाले. तीस वर्षं ती हे बघत आली होती, पण आज तिचा हात थांबला.

"निशा, इकडं ये. हे लाल कशानं झालं?"

"हळदीला साबण लागला की होतंयच की, आत्याबाई."

"मग मांडवात काय झालं?"

निशानं शर्ट हातात घेतला. म्हणाली, "बारावीला सरांनी हळदीचे कागद करून घेतले होते. साबण, चुना, धुण्याचा सोडा, काहीपण लावा, लालच होतात. आत्याबाई, त्या भस्मात काय असतं?"

गुरुवारी पारूबाई रजिस्ट्रीला गेलीच नाही. निशाला घेऊन थेट मंडपात शिरली. चेला आडवा आला, "बायांनी बाहेर बसायचं."

"गोष्ट हिच्या पोटातल्या लेकराची हाय. तिला ऐकू द्या."

पारूबाईनं महाराजांपुढचं ओलं फडकं उचललं, कमरेची साबणाची वडी काढली आणि सगळ्यांसमोर घासली. फडकं लाल झालं. माती नाही, मंत्र नाही.

"साबण कलियुगातला आहे," महाराज गडबडीनं म्हणाले, "भूमी त्याला भुलली."

तोवर निशानं त्यांच्या मांडीमागच्या भस्माच्या डब्या उचलल्या होत्या, एक नाही, दोन. तिनं एकीतली चिमूट फडक्याच्या कोरड्या टोकावर टाकून पाणी शिंपडलं, पिवळं लाल झालं. दुसरीतली टाकली, काहीच नाही. पुढं बसलेल्या फकिरा नावाच्या शेतकऱ्यानं ती दुसरी जिभेवर ठेवली आणि म्हणाला, "तांदळाचं पीठ हाय."

"आन पहिल्या डबीत धुण्याचा सोडा," निशा म्हणाली. "जी जमीन शेठला पायजे, तिच्यावर सोडा. नको तिच्यावर पीठ."

सुदर्शनशेठना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला आणि ते उठले, पण दारात सत्यम उभा होता; शर्टाची गोष्ट त्याला घरीच कळली होती आणि तो पोलिसांना पत्ता सांगत होता.

फकिरा अजून तसाच बसला होता. त्याच्या तीन एकरांचं खरेदीखत होऊन आठ दिवस झाले होते. "वहिनी," तो पारूबाईला म्हणाला, "म्हंजी माझी जमीन रुसली नव्हती?"

"नाय, फकिराभाऊ."

त्यानं मान खाली घातली. पारूबाई मंडपातल्या माणसांकडं वळली.

"ज्याला जमीन विकायची त्यानं खुशाल विकावी. पोरांना धंदा करायचा असंल, शहरात ऱ्हायचं असंल, दिवस बदलले. पण भिऊन विकू नका. कुणी भ्या दाखवलं की आधी इचारा, ह्यात फायदा कुणाचा, आन तीच गोष्ट आपल्या हातानं करून बघा. दीडशे बाप्ये इथं हात जोडून बसलात, एकालाबी हे म्हायती नव्हतं. बाहेर बसवलेल्या समद्या बायांना म्हायती हाय. म्हणूनच त्यांना बाहेर बसवलं. आज घरी जा, आन आपापला सदरा एकदा आपल्या हातानं धुवा."