समान संधी कक्षाची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. ठाकुर्लीच्या दगडू पेंटरने मला सागाच्या फळीतून घडवलं आणि पांढऱ्या रंगात माझ्यावर लिहिलं, ‘मागासवर्गीय विद्यार्थी कक्ष’. तेव्हापासून मी कल्याणजवळच्या एका विद्यापीठात दारावर टांगलेली आहे.

सुरुवातीला मुलं माझ्याखाली यायलाच बिचकायची. वर्गातलं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून पटकन आत शिरायची. मला फार वाईट वाटायचं. पण आत उत्तरामॅडम असायच्या. त्या शिष्यवृत्तीचं बघायच्या, इंग्रजीचे जादा तास घ्यायच्या, डब्यातली भाजीसुद्धा मुलांना वाढायच्या. पुढे काळ बदलला. मला घासूनपुसून पुन्हा रंगवलं आणि मी ‘समान संधी कक्ष’ झाले. दिव्यांग मुलं येऊ लागली, पाड्यांवरच्या मुली येऊ लागल्या, आणि सगळीच ताठ मानेने येऊ लागली. खोटं कशाला बोलू, मलाही जरा शिष्टपणा आला होता.

गेल्या वर्षी कळव्याची दर्शना आली. एम.एस्सी.पर्यंत पोचलेली घरातली पहिलीच. मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, लॅबमध्ये सर सगळ्यांसमोर बोलतात, तू कोट्यातली, तुला नाही झेपणार. मी सोडूनच देते आता.”

“अगं, असं कसं सोडतेस? उद्या ये. आपण दोघी सरांकडे जाऊ,” मॅडम म्हणाल्या.

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती आली. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे कुंड्या, पडदे, पाट्या, सगळं उचलून चांगल्या हॉलमध्ये नेतात. मलाही नेलं आणि एका टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं. मॅडमना पाहुण्यांशेजारी बसवलं. दर्शना शोधत शोधत तिथवर आली, तर कारकून सिद्धेशने तिला दारातच गाठलं.

“बरं झालं आलीस. फोटोला मुलं कमी पडतायत. पाटीजवळ उभी राहा.”

“सर, मला मॅडमशी बोलायचंय.”

“बोल गं नंतर. जरा हस.”

ती हसली. तिचा खांदा मला टेकला होता आणि तो थरथरत होता. पण माझ्या लाकडाला ना हात ना तोंड. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत. मॅडमनी लांबून ते हसू पाहिलं आणि त्यांना वाटलं, पोरगी सावरली. मग पाहुण्यांची जेवणं निघाली. दर्शना बराच वेळ थांबली आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दर्शनाच्या मैत्रिणीला, ऐश्वर्याला विचारलं.

“तिने सोडलं, मॅडम. वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला लागलीय. माझा फोनपण उचलत नाही.”

“अगं, पण ती तर हसत होती,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

समितीने आमच्या कक्षाचं तोंडभरून कौतुक केलं. तो फोटो मोठा करून माझ्या शेजारीच लावलाय. नवी मुलं विचारतात, ही मधली कोण? मला सांगता येत नाही.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण माझ्याखाली कुणी बोलायला येऊन उभं राहिलं, तर त्याला हसायला सांगू नका. आधी त्याचं ऐकून घ्या.