खाडीपारची मालकीण

पेणच्या बाजारपेठेत ‘जगन इलेक्ट्रॉनिक्स’ नावाचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक बिघडलेला टीव्ही गेम घेऊन आलं, की जगन घरत तो हातात घेऊन उलटसुलट करून बघायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि म्हणायचा, “संध्याकाळी घेऊन जा.” गिऱ्हाईक वळलं की गेम मागच्या खोलीत जायचा. तिथे त्याची बायको अनिता तो उघडायची, सर्किटच्या पट्टीवरचा जळालेला भाग शोधून काढायची, नवा डागून बसवायची. संध्याकाळी गिऱ्हाईक गेम घेऊन जाताना म्हणायचं, “जगनशेठ, तुमच्या हाताला गुण हाय!” जगन हसायचा. पडद्यामागे अनिता दुसरा गेम उघडून बसलेली असायची.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तुम्हाआम्हालाही वाटलं नसतं. आपल्या आजूबाजूची कितीतरी दुकानं, कितीतरी घरं अशीच चालतात.

जगन माणूस वाईट नव्हता. खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबलेल्या आईबापांचा मुलगा. एका रेडिओवाल्याच्या हाताखाली उमेदवारी करून तो धंदा शिकला होता. वायरिंग करावं तर त्यानंच. पण नव्वद सालानंतर टीव्ही गेमची लाट आली आणि त्याला त्या बारीक नक्षीच्या पट्ट्यांमधलं काही कळेना. अनिताला कळत होतं. लग्नाआधी तिनं आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता, वर्गात एकटी मुलगी असताना. “दुकानात तू पुढं बसलीस तर लोक बिचकतील,” जगन म्हणाला होता. “तू आत कर, मी बाहेर सांभाळतो.” अनितालाही ते सोयीचंच वाटलं.

धंदा वाढत गेला, आणि तो वाढवला अनितानं. नाणं टाकून खेळायची यंत्रं ती स्वतः जुळवायला लागली. सुतार लाकडी पेटी करून द्यायचा, जगन वायरिंग करायचा, आतला सगळा जीव अनिताचा. एक यंत्र वडखळच्या नाक्यावर हॉटेलात लागलं, एक रोह्याला, शिफ्ट सुटल्यावर कंपनीतली पोरं जिथे चहाला थांबत तिथे. मग तिच्या हट्टानं मुंबईहून एक जुना कॉम्प्युटर आला. पुस्तकं मागवून, चुकत, पुसत ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. आणि सत्त्याण्णव साली तिनं स्वतःचा गेम तयार केला. ‘खाडीपार’!

मिठानं भरलेलं गलबत खाडीतून न्यायचं. ओहोटी लागायच्या आत. मध्ये चिखलाचे उंचवटे, पुलाचे खांब, मासेमारीची जाळी. वाटेत विचारलेलं गणित बरोबर सोडवलं की भरतीचं पाणी थोडं वाढायचं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवायची सोय तिच्या कॉम्प्युटरवर नव्हती, म्हणून तिनं प्रत्येक अक्षर ठिपका ठिपका जोडून चित्रासारखं काढलं. पोरांनी गेम डोक्यावर घेतला. अलिबाग, महाड, रोहा, जिथे जिथे कॉम्प्युटरचे क्लास निघत होते तिथून फ्लॉपीसाठी निरोप येऊ लागले.

गेम सुरू झाला की पहिल्या पडद्यावर अक्षरं यायची : ‘रचना : जगन घरत, पेण’.

“दुकान माझ्या नावावर हाय, लोक मला ओळखतात,” जगन म्हणाला होता. “माझं नाव असलं की विश्वास बसतो.” अनितानं ती अक्षरंही ठिपका ठिपका जोडून काढली.

पुढच्या वर्षी रोह्याच्या एका कॉम्प्युटर क्लासला शिक्षक हवा असल्याचं अनिताच्या कानावर आलं. रात्रीची भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मी जाऊन बघू का?”

“कशाला? घरचा धंदा काय कमी हाय?”

“कमी नाय. पण एकदा माझ्या नावानं काम करून बघायचंय.”

जगन हसला. “अगो, घरचं सगळं तुझंच हाय की.” पण तिचं मन मोडवेना, म्हणून तो स्वतःच तिला पॅसेंजरनं रोह्याला घेऊन गेला.

क्लासचे संचालक साळवी सर सज्जन गृहस्थ होते. अनिता आत त्यांच्यासमोर बसली, जगन दाराबाहेरच्या बाकावर. दार उघडंच होतं. साळवींच्या पाठीमागे मुलं कॉम्प्युटरभोवती घोळका करून बसली होती, आणि पडद्यावर गलबत चाललं होतं. खाडीपार!

“अनुभव काय आहे आपल्याला?” साळवींनी विचारलं.

“पेणला आमच्या घरतांच्या दुकानात काम करते. दुरुस्ती, जोडणी, प्रोग्रॅम…”

“म्हणजे मिस्टरांना मदत करता.”

अनितानं दाराकडे पाहिलं. एकदाच. जगननं ते पाहिलं, आणि तो चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला.

“हो,” अनिता म्हणाली. “मदत.”

“तसं आहे बाई, आम्हाला स्वतः काम केलेलं माणूस हवं. वाईट वाटून घेऊ नका. पेणच्या घरतांचं दुकान म्हणालात ना? खाडीपारवाले घरत? मग त्यांनाच विचारा, आठवड्यातून एकदा इथे शिकवायला येतील का!”

जगन बाहेर बसलाय हे तिच्याकडून कळताच साळवी उठून धावत आले. “अहो साहेब, तुम्ही बाहेर का बसलात? आमची पोरं वेडी झालीत तुमच्या गेमनं!” त्यांनी हात पुढे केला. जगनच्या मागे अनिता उभी होती. एका वाक्याचं काम होतं. पण जगननं तो हात हातात घेतला आणि म्हणाला, “बघू. वेळ मिळाला तर येईन.”

परतीच्या गाडीत अनिता खिडकीशी बसली होती. निडी स्टेशन मागे गेलं. जगन म्हणाला, “दुसरी नोकरी बघू. रोह्यात काय एकच क्लास हाय?”

“नोकरीचं नाय वाटत मला,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्या नावातला ‘ज’ मला नीट जमत नव्हता. अख्खा दिवस गेला होता त्याच्यात. तेव्हा काय वाटलं नव्हतं. आज वाटलं.”

ती रडली नाही, भांडली नाही. पण जगनला त्या डब्यात बसवेना. तो दारात जाऊन उभा राहिला.

घरी त्याची आई हौसा अंगणात सुकट निवडत बसली होती. सुनेचा चेहरा बघितला, ती आत गेलेली बघितली, मग मुलाला समोर बसवलं. “काय झालं रं?”

जगननं सांगितलं. सांगता सांगता स्वतःची बाजूही मांडली. “आई, मी तिला कधी काय कमी केलंय का? कमावलेलं सगळं घरातच येतं ना? आणि बाईमाणूस दुरुस्ती करतंय म्हटल्यावर लोक देतील का आपली वस्तू?”

“लोकांना विचारलंस कधी?”

जगन सुकटीतला कचरा वेचू लागला.

“ऐक,” हौसा म्हणाली. तिचे हात सुकटीतून हलत होते. “तुजा बाप बाबाजी आन् मी जोडीनं मिठागरान जायचो. तो मीठ वढायचा, मी डोक्यावर पाट्या वाहायची. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. ‘बाबाजी आन् बायको!’ अशी हाक मारायचा. मी ‘हाय’ म्हणायची. लगीन झाल्यापासनं माजं नाव ‘बायको’ व्हतं. मला कदी काय वाटलं नाय. सगल्याच बायकांचं तसंच.”

“मग?”

“मग तुजा बाप गेला. तू पाळण्यात. मी एकटी गेली कामावर. मुकादम म्हणतो, ‘तू कोन गो? नव्या बायकांच्या रांगेत उभी ऱ्हा.’ अरे, ज्या बांधावर माज्या टाचा फाटल्या, त्या बांधावर मी नवी! बाबाजी गेला त्याच्यासंगं माजं काम पन गेलं, कारन ते माजं कवा नव्हतंच. तो पन वाईट मानूस नव्हता रं. तुज्यासारखाच चांगला व्हता.”

जगननं मान खाली घातली. बापाबद्दल असं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“घरातच येतंय म्हनतोस. भाकर घरात येते, मान घरात येत नाय. तो ज्याच्या नावानं येतो त्याच्यापाशीच ऱ्हातो. उद्या तुला कायपन झालं, देव करो नि न होवो, तर तुजी बायको कुनाच्या दारात उभी ऱ्हाऊन सांगंल, का हे मी केलंय? आज तू जिता असून, दारात बसून, तिला सांगता आलं नाय!”

तेवढं बोलून ती उठली आणि सूप घेऊन आत गेली.

जगन तिथेच बसून राहिला. साळवींचा तो पुढे आलेला हात त्याला पुन्हा पुन्हा दिसत होता. अनिताच्या अंगावर त्यानं कधी हात उगारला नव्हता, कधी वाकडा शब्द काढला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. पण न उगारता, न बोलता आपण तिचं केवढं काढून घेतलं! चोरानं कुलूप तरी फोडलं असतं. आपल्याला तेही करावं लागलं नाही!

तो आत गेला. “अनिता, साळवी सरांना खरं काय ते सांगायला पाहिजे. तू सांगतेस, का मी सांगू?”

अनितानं हातातलं भांडं खाली ठेवलं. “तुम्ही घेतलंय, तुम्हीच परत द्या,” ती म्हणाली. “पण मी समोर असणार.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर गोविंदा किराणावाला मुलाचा गेम घेऊन हजर. जगननं नेहमीप्रमाणे हात पुढे केला आणि आवरला. “शेठ, दुरुस्ती मी नाय करत. अनिता करते. आधीपासून तीच करते. बसा, तिला बोलावतो.” गोविंदानं दोघांकडे पाहिलं, गेम पिशवीत परत घातला आणि “उद्या बघू” म्हणून निघून गेला. जगनला ते लागलं. पण अनिताला काय लागत आलं असेल, याची चवही त्याला त्याच क्षणी कळली. मग त्यानं मागच्या खोलीतलं टेबल उचललं आणि दुकानात पुढे, रस्त्यावरून दिसेल असं मांडलं. गोविंदा आठवड्यानं आला. पोरगं घरात ऐकेना म्हणून का होईना, पण आला, आणि अनिता गेम डागत असताना वाकून वाकून बघत राहिला.

त्याआधीच दोघं रोह्याला जाऊन आले होते. वर्ग भरलेला होता, दोन-चार पालकही उभे होते. जगननं घसा साफ केला. “सर, त्या दिवशी तुम्ही माझा हात हातात घेतलात. तो माझा मान नव्हता. खाडीपार माझ्या बायकोनं केलाय. एकटीनं. मला त्यातली एक ओळपण लिहिता येत नाय. नाव माझं लागलं, कारण मी लावायला सांगितलं.”

वर्गात कुजबुज झाली. जगनचे कान तापले. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

साळवी अनिताकडे वळले. “बाई, मी अनुभव विचारला तेव्हा तुम्ही का नाही बोललात?”

“तुमच्या मागं पडद्यावर दुसऱ्याचं नाव होतं, सर. मी बोलले असते तर तुम्ही विश्वास ठेवला असता?”

साळवींनी चष्मा काढला. “नसता ठेवला,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “माझंही चुकलंच. जागा अजून रिकामी आहे. या तुम्ही.”

“शिकवायला येईन. पण नोकरी नको आता, धंदा माझा मी चालवणार. आणि एक सांगू? या वर्गात एकही मुलगी दिसत नाय. मुलींना बसवाल, तर येईन.”

साळवींनी तिथल्या तिथे होकार दिला. पहिल्या आठवड्याला मृणाली नावाची एकच मुलगी आली, तीही वडिलांचा हात धरून. मग मैत्रिणी आल्या. खाडीपारच्या नव्या फ्लॉपीवर अनिता घरत हे नाव आलं. नव्व्याण्णव साल सरेपर्यंत तिनं आणखी दोन गेम बाजारात आणले. मृणाली शाळा सांभाळून पेणला तिच्याकडे काम शिकायला येऊ लागली. नाण्याच्या यंत्रावरच्या खेळाच्या पहिल्या पडद्यावर आता ज्यानं जे केलं त्याचं नाव असतं, पेटी करणाऱ्या सुताराचंसुद्धा. ‘वायरिंग : जगन घरत’ ही ओळ बरीच खाली येते. जगन ती गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवतो.

एकदा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतून फोन आला. जगननं उचलला.

“मालकांशी बोलायचं होतं.”

“मालकीण जेवतेय. थोड्या वेळानं करा.”

“आपण कोण?”

“मी तिचा नवरा,” जगन म्हणाला. आणि हे सांगताना आपल्याला काही कमीपणा वाटला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

मंडळी, आपण कुणाला मारत नाही, छळत नाही, उपाशी ठेवत नाही, म्हणून आपण न्यायानं वागतो असं समजून चालतो. पण आपल्या दुकानात, शेतात, कचेरीत, स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव चिकटून गेलंय का, हे एकदा तपासून बघायला हवं. गेलं असेल, तर ते तिनं मागायची वाट बघू नका. घेतलं तसं आपणच परत द्या, आणि चार माणसांसमोर द्या. त्यानं आपण लहान होत नाही. घरात आणखी एक माणूस ताठ मानेनं उभं राहतं, एवढंच!