खालच्या वावरातली बोंडं

डेव्हनपोर्टच्या कोर्टात साक्षीला उभी राहिली तेव्हा ग्लेनिस बॅडकॉकच्या जिवाला एकच घोर होता, औषध कंपनीसाठी अफू पिकवायच्या परवान्याचा. कुंपणाबाहेर एक बोंड गेलं तरी परवानेवाल्याने जाब द्यायचा, हा कायदा. आणि घरच्याच माणसाने हात मारला असेल तर संपलंच, परवाना जातो आणि वर खटला. परवाना गेला की शेत गेलं. नुसत्या बटाट्यावर आमच्याकडे कोण तगलंय?

उन्हाळ्यात तिच्या खालच्या वावरातली टोपलीभर बोंडं कुणीतरी कापून नेली. कंपनीचा माणूस फेरीला आला होता, त्याच्या नजरेस पडलं आणि त्याने पोलीस बोलावले. त्याच दिवशी रस्त्यावर डेन्झिल नावाचा चेरी तोडणारा एक भटक्या सापडला, खिशात दोन बोंडं. फोटो काढायला आत शिरलो, आठवण म्हणून दोन तोडली, बाकीचं मला ठाऊक नाही, असं तो तेव्हापासून घोकत होता. कोण ऐकतंय? ग्लेनिसला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, तिला चोर म्हणून तोच हवा होता.

सकाळी ती निघाली तेव्हा तिचे बाबा खुशीत होते, आणि हेच नवल होतं. क्लॅरी बॅडकॉक म्हणजे एके काळी बैलासारखा राबलेला गडी. आता पाठीचे मणके झिजून माणूस दिवसभर खुर्चीत असे, उठलाच तर पाय ओढत जेमतेम चाले. दुखण्याच्या गोळ्यांचे नियम कडक झाल्यापासून डॉक्टर हात आखडून देई. डबी काल रिकामी झाली होती, नवी मिळायला आठवडा होता. रात्रभर कण्हत होते, तरी सकाळी म्हणाले, "तू जा निवांत. माझा चहा मी करून घेईन." बायको गेल्यापासून या माणसाने किटलीला हात लावलेला नव्हता. पण कोर्टाच्या धास्तीत ग्लेनिसच्या डोक्यात काही शिरलं नाही.

डेन्झिलची वकील एक तरुण बाई होती. तिने पोलिसांनी काढलेला फोटो ग्लेनिसपुढे धरला आणि विचारलं की या देठांत काही वेगळं दिसतंय का. चोरीनंतर पोलिसांनी तो भाग बंद करून टाकला होता, त्यामुळे ग्लेनिस हे आज पहिल्यांदाच बघत होती.

बोंडं कापलेला एकूण एक देठ मधोमध मोडून खाली वाकवलेला होता.

तिने फोटो जवळ ओढला. मका असो, सूर्यफूल असो, दारातला डेलिया असो, तोडलं की देठ मोडून ठेवायचा ही बाबांची जन्माची खोड. मागून येणाऱ्याला कळावं की इथलं झालंय. लहानपणी ती विसरली की तिला आळशांची राणी म्हणायचे. चोरी करतानासुद्धा म्हाताऱ्याची खोड गेली नव्हती.

गप्प बसले तर? एक फोटोच तर आहे. डेन्झिल तिचा कोण लागत होता? एवढा विचार तिने केला, आणि मग तिला सकाळची किटली आठवली.

बाबांच्या काळात खालच्या वावरात कायम मॉर्फीनची अफू असे, तिची बोंडं चहासारखी उकळून प्यायली की दुखणं थांबतं. त्याच हिशोबाने ते तिथे गेले असणार, आणि गोळ्या संपतील त्या दिवसासाठी बोंडं वाळवून ठेवली असणार. यंदा कंपनीने तिथे दुसरी जात पेरायला लावली होती, थेबेनची, म्हणजे कारखान्यात औषधं बनवायला लागणाऱ्या दुसऱ्याच रसायनाची. फूल तसंच, बोंड तसंच. पण हिचा काढा पोटात गेला की दुखणं थांबत नाही, झटके येतात, माणूस दगावतो. आणि ती हे बाबांना सांगायची राहून गेली होती.

"मला घरी फोन करायचाय," ती म्हणाली.

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या की आधी साक्ष पुरी होऊ द्या.

"साक्षच देतेय, मॅडम. बोंडं माझ्या बाबांनी नेली. या माणसाने नाही. आणि ते आत्ता त्या बोंडांचाच चहा करून पिताहेत. ते विष आहे. कुणीतरी फोन लावा हो."

सरकारी वकील लिहायला लागला. ग्लेनिसने ते पाहिलं. परवाना डोळ्यांदेखत चालला होता, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. कारकुनाने टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला आणि साऱ्यांना ऐकू येईल असा लावला. घंटा वाजतच राहिली. कारकून ठेवून देणार तेवढ्यात पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"कोण मेलंय एवढं?"

"बाबा, बोंडांचा चहा प्यायलात का?"

पलीकडे कप बशीवर वाजला. मग हळूच, "ओतलाय. निवतोय."

"ओतून द्या. खालच्या वावरात यंदा दुसरी जात आहे, बाबा. तो प्यायलात तर मराल."

खुर्ची सरकली. म्हातारा कण्हत उठला, पाय ओढत गेला, नळ सुटला. सगळं कोर्टात ऐकू येत होतं. डेन्झिल ओंजळीत तोंड खुपसून बसला होता. ग्लेनिस फोनवर वाकून नळाचा आवाज ऐकत राहिली.

"दिला ओतून," बाबा म्हणाले. धाप लागली होती. "मग आता दुखण्याचं काय करू, पोरी?"

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्याचं पेन थांबलं होतं.

"येतेय मी," ग्लेनिस म्हणाली. आणि परवानगी न विचारताच ती कठड्यातून खाली उतरली.