तसूभर बदल नाही

मावशी दोनदा गॅस बंद करायला विसरली, आणि कोर्टाने तिचा सगळा कारभार भाच्याच्या हाती दिला. भाचा संग्रहालयात जुनी चित्रं जपायचा. तीनतीनशे वर्षांच्या बायका त्याने ठणठणीत ठेवल्या होत्या. मावशी तर अवघी बहात्तरची. कोर्टाला माणूस एकदम पसंत पडला.

आल्या आल्या त्याने पडदे ओढले. "उजेडाने रंग उडतो, मावशी."

"माझा कसला रंग, मेल्या?"

त्याने भिंगातून बघितलं आणि वहीत लिहिलं, 'गालांवर थोडा शिल्लक.' मग हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र तिच्या उशाशी ठेवलं. भेटायला आलेल्या शेजारणीला हातमोजे दिले आणि दोरीपलीकडे उभं केलं. शेजारीण पुन्हा फिरकली नाही.

पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. रोज कापसाच्या बोळ्याने तिचा चेहरा पुसायचा. आधी कानामागे नखाएवढी जागा पुसून, रंग निघून येत नाही ना, ते बघायचा.

मावशी एका दिवसाच्या आशेवर होती. वर्ष झालं की कोर्टाची तपासनीस बाई येणार होती. तिच्यासमोर एवढंच म्हणायचं: मला मोकळं करा. मावशी ते मनातल्या मनात घोकायची. ओठ हलले की भाचा नोंद करायचा.

बाई आली. मावशीच्या खुर्चीसमोरून दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी केली, ताबा देतानाचा फोटो शेजारी धरला.

"कमाल आहे हो तुमची! तसूभर बदल नाही. माझ्याकडचे बाकीचे म्हातारे नुसते ढासळतात."

"मला मोकळं करा," मावशी म्हणाली. वर्षभर न वापरलेला आवाज खरखरला. "माझं मी बघते."

बाई दचकून वाकली आणि डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "अहो, इथे काहीतरी झालंय."

भाचा भिंग घेऊन धावला. त्याचा चेहरा उतरला. "ओठांमध्ये. नवीन चीर आहे."

"पसरायच्या आत बघा."

"आजच भरून घेतो."

बाईने कागदावर सही केली, 'उत्तम स्थिती' असा शिक्का मारला आणि दार हळूच ओढून घेतलं. भाच्याने मेणाची वाटी गॅसवर ठेवली.

"घाबरू नकोस, मावशी. आम्ही भरतो ते पुढेमागे काढता येतं."

मेण पातळ झालं. त्याने आठवणीने गॅस बंद केला.