नाव काढायचं पान

आमच्या ज्ञातीच्या वधूवर मंडळाची वेबसाइट मी केली, तेव्हा चाचणीसाठी रोह्यातले निवृत्त काका-काकू बोलावले. ते कुठे अडतात एवढंच बघायचं, मध्ये बोलायचं नाही. अडले की मी तेवढी जागा सोपी करायची. शेवटी एका पानावर एकच प्रश्न आणि मोठी अक्षरं ठेवली, तेव्हा कोणीच अडेना. मग पासवर्ड मंडळाच्या चिटणीस मालतीकाकूंना दिला आणि तो लगेच बदलायलाही शिकवलं.

काही दिवसांनी नागोठण्याहून एका बाईंचा फोन आला.

"हेमांगी का? तुझा फोटो बघितला. चष्मा कायमचा आहे का गं?"

बाबांनी मला न विचारता माझं नाव नोंदवलं होतं. संशोधनासाठी बंगळूरला माझी निवड झाली होती. लग्न एवढ्यात नको, हे त्यांना ठाऊक होतं.

"नाव घातलं म्हणजे काय अक्षता पडल्या?" ते म्हणाले. "रविवारी नागोठण्याचे येतायत. बसून बोल, बस्स."

नाव काढायला मीच केलेलं एक पान होतं: 'लग्न ठरलं'. समोरच्याचा नोंदणी क्रमांक भरल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. दुसऱ्या कारणाने कोणाला बाहेर पडायचं असेल, असं मंडळाच्या बैठकीत कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी मालतीकाकूंना फोन लावला.

"काकू, माझं नाव काढा ना."

"का गं, जमलं कुठे?"

"नाही."

"मग कसं काढू? तुझ्या बाबांनी, बाळभाऊंनी घातलंय. त्यांनी सांगितलं तर काढीन."

"मग नुसतं नाव काढायचं बटण करून देते. फुकट."

"नको बाई! बटण दिसलं की माणूस दाबतो, तूच म्हणाली होतीस. निम्म्या मुली पळतील."

मग मी मुलांची यादी चाळली. पेणच्या निमिषने स्वतःचा फोन नंबर दिला होता. त्याला सगळं सरळ सांगितलं: क्रमांक भरला आणि त्याने होकार दिला, तर दोघांचीही नावं जातील. तो मोठ्याने हसला.

"भरा, भरा. मला आईने अडकवलंय. परवा न्हाव्याकडे तोंडाला साबण लावून बसलो होतो, तिथेही एका मुलीच्या मामाचा फोन!"

क्रमांक भरला. त्याचा होकार आला. दोन्ही नावं गेली. मी बंगळूरचं तिकीट बघायला लागले.

साइट कोणाला काही कळवत नाही. मालतीकाकू मात्र कळवतात.

संध्याकाळी बाबा शेजारच्या अष्टमी गावाहून पेढे घेऊनच आले. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोटं का लिहिलं तेही. ते रागावलेसुद्धा नाहीत, तेव्हा मला भीती वाटली.

"निमिषच्या आईंचा फोन येऊन गेला," ते म्हणाले. "त्यालाही घरी हेच सांगावं लागलं म्हणे. नागोठणेकरांना मी नको म्हणून कळवलंय. रविवारी हे पेणचे येतायत."

"बाबा, पण ते खरं नाहीये!"

"त्यांना माहितेय ना. त्या म्हणाल्या, असू दे हो. मुलं आपणहून एकमेकांशी बोलली तर आहेत! इतक्या स्थळांत एवढं तरी कुठे झालंय?"

मी निमिषला फोन लावला. त्याचा फोन सारखा एंगेज येत होता.